मेंदी घरी भिजवायची आहे? मग आधी कॅलेंडर बघा

पहिल्यांदा मी मेंदी भिजवली ती मे महिन्यात. दुपारी बाराला भिजवली, संध्याकाळी सहाला कोन भरले आणि दुसऱ्या दिवशी हात असे रंगले की सोसायटीतल्या चार जणींनी पार्लरचा नंबर मागितला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न आलं. तीच पावडर, तेच माप, तेच सहा तास. रंग मात्र फिकट केशरी, म्हणजे आजारी गाजरासारखा. मावशी काही बोलली नाही, पण फोटो काढताना नवरीच्या हातात गुलाबांचा मोठा गुच्छ देण्यात आला.

चूक कुठे झाली हे कळायला मला पुढचा हिवाळा लागला. मसाल्यात काही कमी नव्हतं. पुण्यातल्या डिसेंबरच्या थंडीत सहा तासांत मेंदी रंग सोडतच नाही, एवढंच. तुमचा हा एक हिवाळा वाचावा म्हणून जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे. हे सगळं हातापायावर काढायच्या मेंदीबद्दल आहे. केसांच्या मेंदीचं शास्त्र थोडं वेगळं आणि बरंच ढिसाळ असतं.

आधी जमवाजमव

पहिली खेप छोटी करा. २५ ग्रॅम पावडरीचं माप असं:

- हातावरच्या मेंदीची वस्त्रगाळ पावडर, २५ ग्रॅम
- गाळलेला लिंबाचा रस, ७० ते ८० मिली (मध्यम आकाराची तीन-चार लिंबं)
- साखर, सपाट दीड चमचा, म्हणजे साधारण ७ ग्रॅम
- शुद्ध नीलगिरी तेल, ७ मिली (चहाच्या चमच्याने दीड चमच्याला थोडं कमी)
- काचेचा किंवा स्टीलचा वाडगा, चमचा, स्वयंपाकघरातला वजनकाटा
- वाडग्यावर ताणायला पातळ प्लास्टिक
- नायलॉनचा नवा पायमोजा, तोच पातळ, त्वचेच्या रंगाचा
- कोनासाठी पारदर्शक जिलेटिन पेपर, चिकटपट्टी, टाचण्या
- दुधाची रिकामी पिशवी, स्वच्छ धुऊन वाळवलेली

जिलेटिन पेपर आणि पॅकिंगचं सगळं सामान पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, चालायलाही जागा नसते. तयार वळलेले रिकामे कोन तुळशीबागेत विचारून बघा. नीलगिरी तेल औषधाच्या दुकानात मिळेल, पण बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. नुसतं सुगंधी तेल किंवा दुसऱ्या कशात मिसळलेलं तेल चालत नाही. लवंग तेल तर अजिबात नको. रंगेल, पण हात भाजल्यासारखे होतील.

१. पावडर पारखून घ्या

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

दुकानात ‘मेंदी’ मागितली की नव्वद टक्के वेळा केसांची पिशवी हातात येते. ती जाडीभरडी असते, आत आवळा, शिकाकाई, काय काय असतं. ती कोनातून उतरत नाही. हातावरची पावडर मैद्याहून मऊ लागते. दोन बोटांत चोळून बघा, खरखर जाणवली तर परत करा.

आपल्याकडे येणारी बरीचशी चांगली मेंदी राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची असते. सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पाकिटावर ‘सोजत’ छापायला शाईच लागते, तेव्हा नावावर जाऊ नका. कोणत्या वर्षीच्या पिकाची आहे ते बघा. मेंदीची पावडर जुनी झाली, उजेडात किंवा उष्णतेत राहिली की कमजोर होते. घरी आणल्यावर हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवली तर चांगली टिकते.

रंगही बघा. खरी पावडर शेवाळी, थोडी खाकीकडे झुकणारी असते. पोपटासारखी हिरवीगार पावडर दिसली की मला शंका येते. एका पेल्यात साधं पाणी घेऊन वर चिमूटभर टाका, हलवू नका. लगेच चकचकीत हिरवं पाणी उतरलं तर वरून रंग घातलाय. तळाशी वाळू बसली तर वजनासाठी काय घातलंय तेही कळलं. मी एकदा एका ओळखीच्या दुकानातून अर्धा किलो आणली होती. त्यातली वाळू बघून कुंडीत टाकावी की काय असं झालं.

आता ताज्या पानांबद्दल. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आजी पाट्यावर मेंदीचा पाला वाटायची, त्यात काथ आणि लिंबू, मग तळहातावर एक मोठा ठिपका आणि बोटांना टोप्या. रंग झकास यायचा. तसंच करायचं तर खुशाल करा, पण त्या वाटणाने नक्षी काढता येत नाही. आणि एक सावधगिरी. सोसायटीच्या कुंपणाला आपण ‘मेंदी’ म्हणतो ती बहुतेक वेळा कोयनेल, म्हणजे कडू मेंदी, नाहीतर ड्युरांटा असते. ती वाटून काहीही रंगत नाही. खऱ्या मेंदीची पानं लहान आणि समोरासमोर असतात, जुन्या फांद्यांना काटे येतात, फुलं बारकी आणि त्यांचा वास घमघमीत. एक पान ओलं करून तळहातावर चुरडून धरा. थोड्या वेळाने केशरी डाग उमटला तर ती मेंदी.

२. घट्ट भिजवा

पावडर घरी पुन्हा एकदा चाळा, शक्य असेल तर मलमलीतून. मग त्यात साखर आणि तेल घालून चमच्याने चोळा. आता लिंबाचा रस थोडा थोडा घालत जा. या टप्प्यावर मेंदी घट्ट पिठल्यासारखी हवी, चमचा उभा राहील इतकी. सगळा रस एकदम ओतू नका, २० मिली तरी मागे ठेवा. गुठळ्या राहिल्या तर फार जीव काढू नका. काही तासांनी त्या भिजून आपोआप सुटतात.

लिंबाने हात कोरडे पडत असतील तर निम्मा रस आणि निम्मं पाणी घ्या, किंवा नुसतं पाणी. पाण्यात मेंदी लवकर रंग सोडते आणि लवकर मरतेही.

चहाचं पाणी, कॉफी, बीट, भेंडीचं पाणी, काथ. प्रत्येक घरात एक गुपित असतं आणि ते सांगणारी एक काकू असते. मी यातलं बरंचसं करून पाहिलं. चहाने मेंदीला चहाचा वास येतो. काथाचा स्वतःचा तपकिरी डाग पडतो, पण तो दोन-तीन धुण्यांत जातो. लोखंडाची कढई केसांच्या मेंदीसाठी ठेवा, हातावरच्या मेंदीला तिचा काही उपयोग नाही. आणि केरोसीन, पेट्रोल, थिनर घालायचा सल्ला कुणी दिला तर तिथून उठा.

साखर रंगासाठी नसते. ती मेंदीला ओलसर आणि चिकट ठेवते, म्हणजे वाळून पापुद्रे पडत नाहीत. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा साखर एका चमच्यावर आणा. नाहीतर रात्रभर मेंदी वाळतच नाही आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर नक्षी दिसते.

३. आता वाट बघा, पण किती?

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. झाडाचं शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस, त्यावरूनच हे नाव. पानात ते मोकळं नसतं, साखरेच्या रेणूशी बांधलेलं असतं. ओल आणि सौम्य आंबटपणा मिळाला की हळूहळू सुटतं आणि मग त्वचेतल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. हे सुटणं गरमीत भराभर होतं, थंडीत रेंगाळतं. सुटून फार वेळ उघड्यावर राहिलं की निकामी होतं. म्हणजे लवकर भरलेली मेंदी कच्ची आणि उशिरा भरलेली शिळी. मधल्या काही तासांची खिडकी पकडायची असते.

माझ्या घरात, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, लिंबाच्या रसात भिजवलेल्या मेंदीला लागणारा वेळ:

- एप्रिल-मे: ५ ते ७ तास. त्यापुढे ठेवू नका.
- जुलै-ऑगस्ट, नागपंचमी-मंगळागौरीचे दिवस: १० ते १४ तास. रात्री भिजवली की सकाळी तयार.
- तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई, डिसेंबर-जानेवारी: २४ तास, कधी थोडे जास्तही.

तुमच्या पावडरीनुसार हे पुढेमागे होईल, म्हणून घड्याळापेक्षा हातावर विश्वास ठेवा. मेंदीवर प्लास्टिक असं ताणा की ते मेंदीला टेकलं पाहिजे, मध्ये हवा नको. काही तासांनी वरचा थर तपकिरी दिसेल आणि आतली हिरवीच असेल, ते बरोबर आहे. मग तळहातावर वाटाण्याएवढा ठिपका लावा आणि दहा मिनिटांनी पुसा. ठसठशीत केशरी डाग दिसला तर तयार. पिवळट, पुसट दिसला तर दोन तासांनी पुन्हा.

थंडीत घाई असेल तर वाडगा फ्रीजच्या मागच्या बाजूला, जिथे ऊब असते, तिथे ठेवा. किंवा डाळ-तांदळाच्या इडलीचं पीठ आंबवायला जिथे ठेवता तिथे. ओव्हन किंवा गॅसवर गरम करू नका. ती शिजते, रंगत नाही.

४. घोटा, सैल करा, गाळा

रंग सुटला की मागे ठेवलेला रस चमचा-चमचा घालत घोटा. हात दुखेपर्यंत घोटा, इथे आळस केला की कोन अडकतात. चमचा वर उचलल्यावर मेंदीची न तुटणारी धार पडली पाहिजे, आणि ती पडून वाडग्यात क्षणभर तशीच दिसून मग विरली पाहिजे. पाकाची तार बघायची सवय असेल त्यांना हे सांगावं लागणार नाही. थेंब-थेंब तुटत असेल तर अजून घट्ट आहे. पडताक्षणी सपाट होत असेल तर पातळ झाली. मग चिमूट-चिमूट पावडर घालून निस्तरायचं आणि पुन्हा काही तास थांबायचं, म्हणून रस हात राखून घाला.

आता गाळणं. उंच पेल्यात पायमोजा सोडा, त्याची कड पेल्यावर उलटी करा, आत मेंदी ओता. मोज्याचं तोंड घट्ट पिळून धरा आणि तो पेल्यातून हळूहळू वर ओढत, मुठीने दाबत काढा. मेंदी पेल्यात राहते, काड्या आणि शिरा मोज्यात. श्रीखंडासाठी चक्का फडक्यातून घासतो तसंच. हातमोजे घाला, नाहीतर तुमची स्वतःची मेंदी इथेच काढून होईल. पहिल्यांदा मी ही पायरी टाळली होती आणि दर दोन मिनिटांनी टाचणीने कोनाचं नाक साफ करत बसले होते.

५. कोन वळा आणि भरा

जिलेटिन पेपरचे सहा बाय आठ इंचांचे तुकडे करा. आठ इंचांच्या बाजूचा मध्य म्हणजे कोनाचं टोक. खारे दाणे देताना कागदाची पुडी वळतात तसा एक कोपरा आत घेऊन वळत जायचं. टोकापाशी टाचणी धरून तिच्याभोवती वळलं की भोक बरोबर राहतं. टोक बंद झालं तरी हरकत नाही, वेळेवर कात्रीने केसभर कापता येतं. जास्त कापलं की मात्र कोन गेला, त्याचा वापर टोप्या भरायला. शेवटी कडेला वरपासून खालपर्यंत चिकटपट्टी.

पहिले दहा कोन वाकडे होतील. माझा एक तर चिवड्याच्या पुडीसारखा उघडला होता.

मेंदी दुधाच्या पिशवीत भरा, कोपरा कापा आणि तिथून कोनात पिळा. दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. वरची हवा दाबून काढा, तोंड दुमडत आणून चिकटपट्टी लावा. २५ ग्रॅम पावडरीचे साधारण चार कोन होतात. नवरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत दोन्ही बाजूंनी आणि पाय धरले तर पाच-सहा कोन लागतात, त्यावरून पाहुण्यांचा हिशेब करा.

६. हातावर

हात साबणाने धुऊन कोरडे करा. क्रीम, तेल, पावडर काही नको. वॅक्सिंग-फेशियल जे काय असेल ते आधी उरकून घ्या.

मेंदी किमान सहा तास हातावर राहू द्या, रात्रभर राहिली तर उत्तम. अर्धवट वाळली की साखरपाण्याचे किंवा लिंबू-साखरेचे बोट हलकेच टेकवा, म्हणजे ती पडत नाही. कापसाने चपचपीत लावाल तर नक्षी ओघळेल. तव्यावर लवंगा टाकून त्या धुरीवर हात धरायची पद्धत मला आवडते. हातांना ऊब मिळते आणि घरभर वास सुटतो. चुना चोळून रंग गडद करायचा सल्लाही मिळेल. चुना दाहक आहे, करू नका.

काढताना पाणी नाही. सुरीच्या बोथट बाजूने खरवडा आणि खोबरेल तेल लावा. पुढचे बारा तास, जमलं तर चोवीस तास, हात पाण्यात घालायचा नाही. घरात आधीच जाहीर करून टाका की भांडी दुसरं कोणी घासणार आहे.

खरवडल्यावर रंग केशरी दिसेल. इथे रडारड होते. थांबा. हवेत तो हळूहळू गडद होतो, ४८ तासांनी लाल-तपकिरी, मग गडद विटकरी. तळहात आणि तळपायांना सगळ्यात गडद, कारण तिथली त्वचा जाड. दंडावर तोच कोन फिका दिसणार, त्यात मेंदीचा दोष नाही.

७. लग्नघर असेल तर उलटं मोजा

समजा लग्न रविवारी आहे. रंग रविवारी भरात हवा, म्हणजे मेंदी शुक्रवारी दुपारपर्यंत हातावर काढून व्हायला हवी. मग डिसेंबर असेल तर बुधवारी रात्री भिजवा, मे असेल तर शुक्रवारी पहाटे.

यात दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे चुडा. शुक्रवारी संध्याकाळी कासार आला आणि साबणपाण्याने हिरव्या बांगड्या चढवल्या, की मनगटावरची नक्षी संपली. चुडा शनिवारी संध्याकाळी भरा आणि साबणाऐवजी हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून भरायला सांगा. दुसरी हळद. हळद लावण्याआधी मेंदीवर खोबरेलाचा जाड हात द्या आणि करवल्यांना सांगून ठेवा की तळहात चोळायचे नाहीत. त्या ऐकत नाहीत, पण सांगा.

हे मात्र नक्की वाचा

खरी मेंदी कधीही काळी नसते, आणि पंधरा मिनिटांत गडद रंग देत नाही. असा कोन दिसला तर त्यात दुसरं काहीतरी आहे. ‘काळ्या मेंदी’त बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमाइन, असतं. त्याने फोड येतात, व्रण राहू शकतात, आणि एकदा त्याची ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. पुढे केसांना डाय लावतानाही त्रास होतो. कोनावर घटक छापलेले नसतील आणि तो महिनोन्महिने बाहेर टिकत असेल, तर विचार करा. तुमची घरची मेंदी मे महिन्यात एक दिवससुद्धा टिकत नाही.

घरच्या मेंदीचाही आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून दिवसभर बघा. बहुतेक वेळा त्रास झालाच तर तो तेलाचा असतो. लहान मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी तेल न घालता, नुसत्या पाण्यात भिजवा. रंग थोडा फिका येईल. तान्ह्या बाळाला मेंदी लावू नका. घरात कुणाला जी६पीडीची, म्हणजे तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची, कमतरता असेल तर त्यांना खरी, शुद्ध मेंदीसुद्धा चालत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

८. उरलेले कोन

भरलेले कोन त्याच दिवशी वापरायचे नसतील तर लगेच फ्रीजरमध्ये टाका. खालच्या कप्प्यात नाही, बर्फाच्या. हवाबंद डब्यात चार-पाच महिने सहज राहतात. वापरायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा, कोन पुसून कोरडा करा, मळून घ्या. पुन्हा पुन्हा वितळवून गोठवू नका, दर वेळी थोडा जोर जातो. जोर गेलेले कोन फेकू नका, एकत्र करून केसांना लावा.

डब्यावर मोठ्या अक्षरात ‘मेंदी’ आणि तारीख लिहा. आमच्याकडे सासूबाईंनी एकदा पुदिन्याची चटणी समजून एक कोन सँडविचवर पिळला होता. नीलगिरीच्या वासाने वेळेत कळलं, पण त्यानंतर आमच्या फ्रीजरमधल्या प्रत्येक डब्यावर, अगदी मटारवरसुद्धा, त्या स्वतः चिठ्ठी लावतात.